मेनूकार्डाची पानं आणि ‘आज नाही’

मा. संपादक,
सादर नमस्कार.

बार्देश आणि पेडणे भागातल्या परदेशी खाणावळींवर एका वाचकांचं पत्र आपल्या पत्रव्यवहाराच्या पानावर नुकतंच वाचलं. किनाऱ्यावर गल्लोगल्ली इटालियन, रशियन, जपानी जेवण मिळायला लागलं, त्यामुळे गोमंतकीय चव मरत चालली, असा त्यांचा सूर होता. पत्र कळकळीचं होतं, पण मला ते पटलं नाही. आमच्या चवीचं जे काय व्हायचं ते आमच्याच मेनूकार्डांनी केलंय. हे मी ऐकीव सांगत नाही. फोंड्यात बसस्टँडपासून हाकेच्या अंतरावर आमची खानावळ आहे. यजमानांनी ती सुरू केली, आता मुलगा आणि सून चालवतात. मी सकाळी मासळी निवडते, वाटणाचा वास घेते आणि उरलेला दिवस सगळ्यांच्या चुका काढते.

योगायोग असा, की ते पत्र छापून आलं त्याच्या थोडे दिवस आधी नातीनं आम्हा सगळ्यांना अशाच एका इटालियन ठिकाणी जेवायला नेलं होतं. पर्वरीला तिला नोकरी लागली, त्याची ही मेजवानी. मी म्हटलं होतं, त्यापेक्षा मंगेशीला अभिषेक कर. तिनं तो आधीच केला होता, त्यामुळे बोलायला जागा राहिली नाही.

शिवोलीहून चोपड्याचा पूल ओलांडून मांद्र्याच्या बाजूला गेलं की आतल्या रस्त्यावर एक जुनं कौलारू घर लागतं. पुढे बाल्कांव, म्हणजे बसायची पडवी, बाजूला विहीर, मागे माड. बाल्कांवात आणि अंगणात मिळून सात टेबलं. पाटी इतकी लहान, की मुलानं गाडी दोनदा पुढे नेली. घरचीच माणसं सगळं करतात. म्हातारी इटलीच्या दक्षिणेकडच्या बारी शहराची, साधारण माझ्याच वयाची. तिचा मुलगा भट्टी आणि चूल सांभाळतो. सून मांद्र्याचीच, पैसे आणि गिऱ्हाईक तिच्याकडे. तिची धाकटी मुलगी पाण्याच्या बाटल्या आणून ठेवत होती आणि मध्येच गृहपाठाच्या वहीकडे पळत होती. भांडी घासायला एक बाई होती, ती तेवढी बाहेरची. खानावळवाल्यांची नजर आधी भांडी घासण्याच्या जागेकडे जाते. ती जागा कोरडी आणि चकचकीत होती. मग मी निश्चिंत बसले.

मेनूकार्ड नव्हतं. भिंतीला काळा फळा, त्यावर खडूनं लिहिलेले जेमतेम दहा-बारा पदार्थ, त्यातले दोन पुसलेले. माझ्या मुलाला कुर्ल्या, म्हणजे खेकडे, हव्या होत्या. नेमक्या त्याच पुसलेल्या. त्यानं तरी विचारलं. भट्टीवरचा मुलगा बाहेर आला आणि मोडक्या कोंकणीत म्हणाला, “कुर्ल्यो आज ना. बऱ्यो मेळूंक नात.” झालं. माफी नाही, लाचारी नाही, ‘साहेब, दुसरं काही करून देऊ का’ नाही. ‘त्याऐवजी शिनाणे घ्या, सकाळीच आलेत’ एवढं सांगून तो आत गेला. माझा मुलगा माझ्याकडे बघत राहिला. आमच्याकडे गिऱ्हाइकाला ‘नाही’ म्हणायची पद्धत आता फारशी उरलेली नाही. फ्रीजरमध्ये काही ना काही असतंच.

आम्ही काय खाल्लं ते जरा सविस्तर सांगते, कारण माझं म्हणणं त्यातच आहे.

शिनाणे आले ते खोलगट भांड्यात, शिंपल्यांसकट. झाकण ठेवून वाफेवर उघडलेले, त्यांचंच पाणी सुटलेलं, वर भरपूर भरडलेली मिरी, थोडी कोथिंबिरीच्या जातीची त्यांची पानं आणि लिंबू. एवढंच. ना नारळ, ना रवा, ना तळण. आम्ही शिनाणे रव्यात घोळवून तळतो किंवा खोबऱ्यात सुकं करतो, आणि ते मला या पदार्थापेक्षा आवडतं, हे सांगून टाकते. पण मिरीचा वास नाकात गेला आणि मी सुनेला म्हटलं, ही डब्यातली पूड नव्हे. आमचं सावईवेऱ्याला कुळागर आहे, पोफळींवर मिरवेल चढवलेले आहेत, त्यामुळे मिरीच्या बाबतीत मला फसवणं कठीण. विचारलं तर मिरी सत्तरीतल्या एका घरातून घेतात म्हणाले, आणि ताटात घालायच्या वेळीच भरडतात. पोर्तुगीज यायच्या आधी आपल्या किनाऱ्यावरची मिरी अरबांच्या गलबतांतून इजिप्तला आणि तिथून व्हेनिसला जायची. व्हेनिसच्या सावकारांनी त्यावर वाडे बांधले. 1498 मध्ये वास्को द गामा कालिकतला पोचला तो या मिरीपायीच, आणि त्यामागोमाग 1510 मध्ये अल्बुकर्कनं गोवा घेतला. तेव्हा इटालियन माणसाच्या ताटात आमची मिरी ही काही आजची गोष्ट नव्हे.

मघाच्या पत्रलेखकांनी ‘इटलीचा आणि गोव्याचा संबंध काय’ असंही विचारलं आहे, म्हणून जाता जाता सांगते. जुन्या गोव्यातलं सेंट कायतानचं चर्च 17व्या शतकात इटलीहून आलेल्या थिएटाइन पाद्र्यांनी बांधलं, रोमच्या सेंट पीटरचा नमुना डोळ्यांसमोर ठेवून. तिथल्याच बॉम जेझस बासिलिकेत सेंट फ्रान्सिस झेवियरची पेटी ज्या संगमरवरी चौथऱ्यावर आहे, तो फ्लॉरेन्सच्या फोग्गिनी नावाच्या शिल्पकाराचा, तस्कनीच्या ग्रँड ड्यूकनं भेट म्हणून पाठवलेला, 1698 सालचा. आमच्या खानावळीत जुन्या गोव्याहून परतणारे पर्यटक रोज येतात, त्यांचे गाइड जेवताना हे सगळं सांगत असतात. मला पाठ झालंय.

आता वांगी. ताटात आलेला पदार्थ तसा साधा. वांग्याचे काप तळून, मध्ये टोमॅटोचा आटवलेला रस, तुळशीच्या जातीची पानं, मोझ्झारेल्ला चीज, असे थरावर थर आणि मग भट्टीत. मी नातीला म्हटलं, वांग्याला एवढा मान कशाला? एक घास घेतला आणि विचारलं, वांगी कुठली? अगशीची. त्यांची सून शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात जाते आणि अगशीची वांगी मिळाली तरच हा पदार्थ फळ्यावर चढतो. बी कमी, गर लोण्यासारखा मऊ, कडवटपणा नाही, तेल कमी पितात. 2023 मध्ये या वांग्यांना भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आपल्याच वृत्तपत्रात बातमी होती. बातमी वाचून आम्ही सगळे खूष झालो. पण आमच्या फोंड्यातल्या किती खाणावळींच्या कार्डावर ‘अगशीच्या वांग्याचे काप’ असं लिहिलेलं आहे? आमच्या नाही. आमच्या कार्डावर ‘बैंगन भर्ता’ आहे.

माझी सून बेळगावकडची, माळकरी घरातली. मासळीच्या खानावळीची मालकीण असून तिनं मासळी कधी तोंडात घातली नाही. हुमणातलं, म्हणजे मासळीच्या कढीतलं, मीठ वासावरून सांगते आणि चुकत नाही. तिच्यासाठी काय मागवावं हा प्रश्न होता. तिनं नुसतं विचारलं, चीज चालेल का? तेव्हा खुद्द म्हातारी हात पुसत बाहेर आली, तिचं बोलणं तिची सून आम्हाला समजावून देत होती. म्हातारी म्हणाली, आमच्याकडे पार्मा-रेज्जोच्या बाजूला जे कडक चीज बनतं, त्याचं दूध वासराच्या पोटातल्या रेनेटनं, म्हणजे पाचक रसानं, नासवतात, आणि मेंढीच्या दुधाचं पेकोरीनो कोकराच्या रेनेटनं. ते तुम्हाला चालणार नाही. इथे मात्र ते आणताच येत नाही, कारण परदेशी चीजमध्ये प्राण्याचं रेनेट नसल्याचं प्रमाणपत्र तुमचं सरकार मागतं. मी भारतात बनलेलंच वापरते. एवढं सांगून ती आत गेली आणि फ्रीजमधलं उघडलेलं पाकीट घेऊन आली. हिरवा ठिपका दाखवला. सुनेनं पाकीट हातात घेऊन बारीक अक्षरं वाचली. कोणी तिला हसलं नाही.

मी मात्र विचारात पडले. आमच्या भागातल्या मोठमोठ्या हॉटेलांत पिझ्झ्यावर काय किसलंय हे वेटरला विचारलं तर तो म्हणतो, ‘मॅडम, प्युअर व्हेज’. विषय संपला. पाकीट कोण दाखवणार? ज्यानं ते विकत आणलं तो गोदामात, ज्यानं किसलं तो आत, आणि मालक दुबईत.

तर चीज चालत होतं, पण म्हातारी म्हणाली, तुमच्यासाठी मी चीज नसलेलंच काहीतरी करते, ते आमच्या गावचं आहे. आणि तिनं तिथेच, खिडकीतून दिसणाऱ्या ओट्यावर, पास्ता वळायला घेतला. हे मी उठून जवळ जाऊन बघितलं. पीठ म्हणजे बारीक दळलेला कडक गव्हाचा रवा, आपल्याकडे बन्सी म्हणतात त्या जातीचा, आणि कोमट पाणी. अंडं नाही. अंड्याचा पास्ता उत्तरेकडचा, मऊ मैद्याचा, तो वेगळा. पिठाची करंगळीएवढी जाड वळी, तिचे नखाएवढे तुकडे. एकेका तुकड्यावर बोथट सुरीचं पातं टेकवून तो पाटावरून आपल्याकडे ओढायचा. तुकडा सुरीभोवती गुंडाळतो, मग अंगठ्यावर उलटा करून सोडायचा. नेवरीला, म्हणजे करंजीला, मुरड घालताना आमचा अंगठा जसा आपोआप चालतो, तसाच तिचा चालत होता. एक बाजू गुळगुळीत, दुसरी खरबरीत, मध्ये खोलगा. त्या खोलग्यात रस धरून राहतो. मी एक करून पाहिला, ती बघत होती. माझा तुकडा तिनं बाजूला ठेवला, उकळत्या पाण्यात टाकला नाही. मला तिचं हे वागणं आवडलं.

त्याच्याबरोबर तिकडे सलगमच्या जातीची एक कडसर पालेभाजी लागते. ती इथे मिळत नाही, म्हणून म्हातारी मुळ्याचा पाला घालते. लसूण, ऑलिव्हचं तेल, हरमलची सुकी मिरची. त्यात एरवी एक खारवलेली बारीक मासळीही पडते, ती सुनेसाठी वगळली. पास्ता आणि पाला एकाच पाण्यात उकडला. आणि वर चीजच्या जागी काय? पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, कालच्या उंड्यांचा चुरा, तेलावर खरपूस भाजलेला. इटलीच्या दक्षिणेत गरिबाघरी चीज परवडायचं नाही, तिथे पावाचा चुरा घालायची रीत होती. सुनेनं ताट पुसून खाल्लं. नातीनं फोटो काढला, मुलानं चव घेतली आणि गप्प बसला. मुळ्याचा पाला आमच्याकडे रोज कचऱ्यात जातो, हे त्याच्या मनात आलं असणार. मी बोलून दाखवलं नाही. तेवढं शहाणपण मला आहे.

सगळंच गोड होतं असं नाही. जेवण यायला उशीर झाला, माझ्यासारख्या मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्या बाईला तो जाचला. पाव नंतर आला, खरं तर आधी यायला हवा होता. कॉफीत बुडवलेल्या बिस्किटांचं ते तिरामिसू मला काही कळलं नाही. त्यापेक्षा आमची सेराडुरा बरी. हात धुवायला बेसिन घराच्या मागच्या बाजूला, वाट काळोखी. आणि भाव! नातीनं मला बिल दाखवलं नाही, मी ते परतीच्या वाटेवर सुनेकडून काढून घेतलं. चौघांचे साडेचार हजार. एवढ्यात आमच्याकडे दहा-बारा माणसं इसवणाची, म्हणजे सुरमईची, थाळी जेवून, सोलकढी दुसऱ्यांदा मागून जातात. पण सेवाशुल्काची ओळ बिलावर नव्हती, हेही सांगायला हवं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 2022 मध्येच सांगितलंय की हे शुल्क परस्पर लावता येत नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयानंही 2025 मध्ये तेच उचलून धरलं. तरी पणजीत मोठ्या झुंबराखाली बसवून ते लावणारे आहेतच.

परदेशी माणसांचे व्हिसा, परवाने, जागेचे कागद, याबद्दल पत्रलेखकांनी जे लिहिलंय ते सरकारनं जरूर तपासावं. मी ताट तपासलं. त्या ताटात शिनाणे, मिरी, वांगी, मुळ्याचा पाला, मिरची, उंडे, सगळं गोव्याचं होतं. तेल, रवा आणि चीज तेवढं बाहेरचं. आता माझ्याच फोंड्यात ‘अस्सल गोमंतकीय’ अशी पाटी लावलेल्या खाणावळीत काय असतं ते सांगते, आमच्यापासूनच सुरुवात करते.

यजमानांच्या वेळी आमच्याकडे कार्ड नव्हतंच. बाजारातून पिशवी आली की दिवसाचं जेवण ठरायचं. बांगडे आले तर तिरफळं घालून हुमण, तिसऱ्या आल्या तर खोबऱ्यातलं सुकं, सुंगटं, म्हणजे कोळंबी, आली तर भेंडे घालून कडी. सोमवारी मासळी नाही, मग खतखतं, मुगागाठी, तोंडाक. पावसाळ्यात मासेमारी बंद, तर सुक्या बांगड्यांची किसमूर, खारं, आणि रानभाज्या. गिऱ्हाईक दारातच विचारायचं, ‘आज कितें?’ आणि जे असेल ते जेवायचं. नसेल ते नसेल.

आत्ताआत्तापर्यंत कार्डाला 11 पानं होती. पंजाबी, चायनीज, तंदूर, मोगलाई, आणि शेवटून दुसऱ्या पानावर गोवन. पनीरचेच प्रकार मी मोजले नाहीत, पण पनीर बटर मसाला आणि पनीर लबाबदार यांत फरक काय, असं मी आमच्या स्वयंपाक्याला विचारलं होतं. तो प्रामाणिक माणूस आहे. म्हणाला, ‘काकी, वरची क्रीम.’ घरपोच जेवण पोचवणाऱ्या एका कंपनीचा मुलगा दोन वर्षांमागे येऊन बसला होता. त्यानं मुलाला समजावलं, आयटम वाढवा म्हणजे मोबाइलवर वर दिसाल. वाढवले. मग त्या आयटमांसाठी दोन तयार ग्रेव्ह्या आल्या, एक तांबडी आणि एक पांढरी. त्या ठेवायला फ्रीजर आला. फ्रीजरचा हप्ता आला. आणि हप्ता भरायला आणखी आयटम.

यात पहिला बळी नारळाच्या वाटणाचा जातो, हे बाहेरच्या माणसाला कळत नाही. वाटण सकाळचं ते दुपारीच चांगलं. उन्हाळ्यात चार वाजले की त्याला वास सुटतो. फ्रीजमध्ये ठेवलं तर खोबऱ्याचं तेल गोठतं, आणि परत गरम केलं की रस फुटून पाणी वेगळं, चोथा वेगळा. म्हणजे रात्रीच्या हुमणासाठी संध्याकाळी पुन्हा नारळ खवायला हवेत, पुन्हा वाटायला हवं. ज्या स्वयंपाकघरात 11 पानांची कामं आहेत तिथे हे कोण करणार? मग वाटण कमी, पूड जास्त, थोडा कॉर्नफ्लोअर. तिरफळं सोलून बिया काढायला माणूस लागतो, मग तिरफळं गेली. सोलं, म्हणजे आमसुलं, भिजवायला वेळ लागतो, मग बाटलीतलं आगळ. रंग तोच, नाव तेच. दिल्लीच्या पाहुण्याला काय कळणार? पण आमच्याच वाडीतला माणूस जेवून जाताना हल्ली ‘बरें जालें’ म्हणत नाही, नुसतं बिल देतो. हे मी काउंटरमागच्या स्टुलावर बसून बघत असते.

आणि मासळी. 1 जून ते 31 जुलै किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांना बंदी. या दोन महिन्यांत कुठल्याही हॉटेलात जा, इसवण आहे, पापलेट आहे, सुंगटं आहेत, आणि शेजारी ‘फ्रेश’ असं लिहिलेलं. फ्रेश कुठली? शीतपेटीतून आलेली, कधीची ते देव जाणे. गोठवलेली मासळी विकणं हा गुन्हा नाही. पण तसं सांगा ना! त्या म्हातारीनं चीजचं पाकीट आणून दाखवलं. आमच्यातल्या कोणी मासळीचा खोका आणून दाखवेल?

इटालियन स्वयंपाकाला 2025च्या डिसेंबरात युनेस्कोनं अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. बैठक आपल्या दिल्लीतच होती आणि त्याच बैठकीत आपली दिवाळीही त्या यादीत गेली. नापोलीच्या पिझ्झावाल्यांची कला तर 2017 मध्येच गेली होती. तेव्हापासून आपल्याकडेही बोललं जातं की गोमंतकीय जेवणाचा असा मान व्हायला हवा. व्हावा की. पण युनेस्कोचे लोक चव घ्यायला आले तर त्यांना नेणार कुठे? घरी न्यावं लागेल. खानावळीत न्यायचं तर शेवटून दुसऱ्या पानापर्यंत पोचेतो त्यांची भूक मरेल.

माझ्या मुलाची बाजूही मांडायला हवी, नाहीतर घरी गेल्यावर जेवण मिळणार नाही. तो म्हणतो, आई, बस भरून माणसं येतात, त्यांत पोरं असतात, त्यांना नूडल्स लागतात. गुजराती कुटुंब येतं, त्यांना मासळीचा वास चालत नाही. ‘नाही’ म्हटलं तर सगळी बस शेजारी जाते. स्वयंपाक्याचा पगार, दुकानाचा भाडेपट्टा, गॅस, हे त्या बसवर चालतं. मांद्र्याच्या त्या घरात सात टेबलं आणि साडेचार हजार रुपयांचं बिल आहे, त्यांना ‘आज ना’ परवडतं. यात तथ्य आहे. सगळ्यांनी फळा लावावा असं मी म्हणत नाही. पण गुजराती कुटुंबाला खतखतं, मुगागाठी, तोंडाक, अगशीच्या वांग्याचे काप, अळसांद्यांची उसळ का वाढू नये? ते सगळं शाकाहारीच आहे. गोव्यात येऊन त्यांनी पनीर खावं, ही सोय आम्हीच केली. त्यांनी मागितलं नव्हतं.

महिनाभर घासाघीस चालली होती. मुलानं अखेर चायनीजचं पान काढलं, फक्त नूडल्स ठेवल्या. तंदूर राहिला. तांबडी ग्रेव्ही बंद झाली, पांढरी आहे. गोवन पान आता पहिलं आलंय आणि त्यावर रोजच्या मासळीची नावं छापलेली नाहीत. ती सून रोज सकाळी फळ्यावर लिहिते. अक्षर तिचं सुरेख आहे. धंदा वाढला की घटला हे एवढ्यात सांगता येणार नाही, मुलगा रोज रात्री गल्ला मोजून माझ्याकडे बघतो, मी पंख्याकडे बघते.

आपल्या वृत्तपत्रातून दोन मागण्या करायच्या आहेत. एक अन्न व औषध प्रशासनाकडे. गोठवलेली मासळी असेल तर कार्डावर किंवा फळ्यावर तसं स्पष्ट लिहायला लावा, निदान बंदीच्या दोन महिन्यांत. आणि पनीर, चीज म्हणून जे काही वाढलं जातं, त्याचं पाकीट गिऱ्हाइकानं मागितलं तर दाखवायला लावा. आमच्यासकट सगळ्यांना.

दुसरी मागणी गिऱ्हाइकांकडे. गेल्या श्रावणाच्या आधी आमच्याकडे एक मंडळी आली, फोंड्यातलीच, ओळखीची. सुंगटं हवी होती. मी म्हटलं, आज नाहीत, सुक्या बांगड्यांची किसमूर आहे, वालाची भाजी आहे, भात गरम आहे. चौघंही उठून समोर गेले. समोर सुंगटं मिळाली. कुठली, ते मला ठाऊक आहे, कारण आमचा आणि त्यांचा पुरवठादार एकच. अशा वेळी, बाबांनो, उठू नका. बसा, पाणी प्या, आज काय आहे ते विचारा. सोमवारी आलात तर मुगागाठी असतील, आणि मुळ्याचा पाला आता आम्ही टाकत नाही.

आपली,
एक वाचक, सावईवेरे (फोंडा)